शेठच्या शेडमधलं धुपाटणं

माझा हात हलला नव्हता. बाकी काही सांगायच्या आधी एवढं सांगून टाकतो, कारण खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या वर्कशॉपांत पुढची बरीच वर्षं उलटंच बोललं जात होतं. आणि ते पसरवणारा माणूस दर दसऱ्याला कपाळभर कुंकू लावून यंत्रांची पूजा करत होता. वयाबरोबर माणसं निवळतात म्हणे. मी काही निवळलो नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. शिळफाट्याला हमरस्त्यालगत शेठची पत्र्याची शेड होती. शेठ मूळचा भातशेतीवाला. रस्त्याकडेच्या जमिनीवर शेड टाकून तो खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं आणि कारखान्यांना लागणाऱ्या लोखंडी मांडण्या बनवून द्यायचा. त्याला शेठ आणि अहो-जाहो आम्ही तोंडावर म्हणायचो. इथे कागदावर मी त्याला तेवढा मान देणार नाही. मी तिथे फिटर होतो. हातात धरायचा विजेचा ग्राइंडर हे माझं हत्यार. पुढे फिरणारी चकती, मागे मोटर, बाजूला धरायला मूठ. त्याने लोखंड कापायचं आणि वेल्डिंगच्या गाठी घासून सपाट करायच्या. मी घासलेल्या जाळीवरून हात फिरवला तर जोड कुठे आहे ते सापडत नसे. ही फुशारकी नाही. म्हणजे फुशारकीच आहे, पण खरी आहे.

ग्राइंडरला अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक लोखंडी झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. चकती आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. चकती फुटली तर तुकडे आधी त्याच्यावर आदळतात. आमच्या शेडमधल्या एकाही ग्राइंडरला गार्ड नव्हता. शेठला कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून मोठ्या मशीनच्या चकत्या स्वस्तात मिळाल्या होत्या. आमची मशिनं लहान. गार्ड असला की मोठी चकती बसेना, म्हणून त्याने गार्डच काढायला लावले. आता लहान मशीन फिरतं जोरात, आणि मोठी चकती तेवढा वेग सोसायला बनवलेलीच नसते. त्यात या चकत्या पावसाळाभर गळक्या पत्र्याखाली ओलीवर पडलेल्या.

हे सगळं मी शेठला सांगितलं होतं. तो म्हणाला, "हात शाबूत आसला की गार्ड कशाला लागतोय रं? माझा बाप जलमभर भात कापत आला, त्याच्या विळ्याला कुठं गार्ड होता?"

सगळी शेड हसली. शेठ विनोद करायचा तेव्हा शेडला हसावंच लागायचं.

काढलेले गार्ड भंगारात गेले. एक तेवढा मिस्त्रींनी ठेवून घेतला. मिस्त्री म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, शेठच्याच गावचा. ग्राइंडर धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या गार्डला काठ होता, भिंतीला टेकवून ठेवला की निखारे सांडत नसत. मिस्त्रींनी त्याचं धुपाटणं केलं. कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीखाली रोज सकाळी त्यात धूप जळायचा, आणि आम्ही त्या धुराला हात जोडून उघड्या चकत्या फिरवायला लागायचो.

चकती फुटली ती भर सकाळी. मी फाटकाची पट्टी कापत होतो, दोन्ही हातांनी मशीन धरलेलं, पाय रोवलेले. फटाक्यासारखा आवाज झाला. दुखलं मागाहून, आधी फक्त दिसलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती.

दवाखान्याच्या ओट्यावर शेठ आला. बाजारातली चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर त्याने मान हलवत सांगितलं, "काय करणार? हात हलला त्याचा. चकती तिरकी घातली." कोणीतरी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी पायातली चप्पल न्याहाळली आणि म्हणाले, "हां. हलला आसंल." खाल्ल्या मिठाला जागले ते. मी आत खाटेवर होतो आणि मधलं दार उघडं होतं.

आमच्या धंद्यात हात हलतो असं दारुड्याबद्दल म्हणतात, नाहीतर घाबरटाबद्दल. बोटं गेलेला फिटर चालतो. अशी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. हात हलणारा कोणी ठेवत नाही, कारण तो शेजारच्याचाही जीव घेईल. मी खोपोलीत फिरलो, कर्जतला फिरलो, मोहोपाड्याच्या कारखान्यांची कामं घेणाऱ्या ठेकेदारांकडे गेलो. खोपोलीच्या एका वर्कशॉपवाल्याने मला बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "तुझा हात हलतो म्हणे." तो चहा मला अजून पचलेला नाही. घरी आलो तर बायको म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं." पुढचं ती बोलली नाही. धुपाटणंही शेठच्याच शेडमध्ये होतं.

मग भिसेगावात घराच्या ओटीवर मी माझं दुकान मांडलं. शेतावरचे पंप, घमेली, विळे-कोयत्यांना धार असली बारीक कामं. जुना ग्राइंडर घेतला, गार्डासकट. लोक मला हसायचे. नवी चकती आणली की मी तिला टिचकी मारून कानाशी धरायचो. बद्द वाजली की फेकून द्यायचो. चकती बदलायची तर आधी वायरची पिन बोर्डातून उपसून खिशात घालायचो. बदलल्यावर तोंड बाजूला करून ती थोडा वेळ नुसतीच फिरू द्यायचो. लाईट गेली की आधी बटण बंद करायचो, कारण लाईट परत येते तेव्हा सांगून येत नाही आणि चालू राहिलेलं मशीन बाकावरून उडी मारतं. शेजारी म्हणायचे, डॉक्टर आपरेशनला बसलाय, गडबड करू नका. खरं सांगायचं तर ही सगळी काळजी जिवाची नव्हती. मला शेठला दुसरी संधी द्यायची नव्हती. माझ्या अंगावर आणखी एक ओरखडा उठला असता तर तो म्हणाला असता, बघा, मी सांगितलंच होतं. विळ्याला धार लावताना मी त्याला शिव्या घालायचो. त्यामुळे धार चांगली बसायची.

पण फाटकाचं काम काही कोणी देईना.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी कळलं की शेठने पूजेला यंदा मोठा थाट केलाय. मोहोपाड्याच्या एका कारखान्याचे साहेब यायचे होते, मांडण्यांचं मोठं काम त्यांच्या हातात होतं. त्यांच्यापुढे वजन पडावं म्हणून आसपासचे सगळे वर्कशॉपवाले बोलावलेले. म्हणजे ज्यांनी ज्यांनी मला दारातून परत पाठवलं ते सगळे एका छपराखाली येणार होते. मला आमंत्रण नव्हतं. पण दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्या माणसाला कोणी दारातून हाकलत नाही. मी आपट्याची पानं खिशात घातली.

बायको म्हणाली, "त्याच्या हातावर सोनं ठेवणार तुमी? माती ठेवा, माती."

"सोनंच ठेवतो. बघ तू," मी म्हणालो.

शेड धुऊन काढलेली. फळीवर सगळी मशिनं ओळीने मांडलेली, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. कोपऱ्यात त्याच जुन्या गार्डात धूप. शेठ खांद्यावर जरीचं उपरणं टाकून उभा होता. मोठ्या चकत्या केव्हाच संपल्या होत्या, आता मापाच्या यायच्या. पण गार्ड परत लावायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आरतीनंतर शेठ आपल्या हाताने एकेक मशीन चालू करायचा, एक गिरकी झाली की बंद. हा त्याचा मुहूर्त.

मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण साहेबांसमोर त्याने मला मिठीच मारली. "हा आमचा जुना माणूस," तो साहेबांना म्हणाला. "हात हलला बिचाऱ्याचा. आमी लई केलं याच्यासाठी."

मी ठरवून गेलो होतो की तोंडावर चार शब्द सुनवायचे आणि परत फिरायचं. पण 'आमी लई केलं' हे ऐकलं आणि मला त्याहून बरं सुचलं.

"शेठ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दसऱ्याचा मुहूर्त आहे. नुसतं बटण काय दाबता? तुमच्या हातानं एक पट्टी कापा. हात शाबूत असला की झालं."

लोकांना गंमत वाटली. "हां शेठ, होऊ द्या!" चारी बाजूंनी आवाज आले. शेठने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसत होते. आता मागे सरणं त्याला शक्य नव्हतं.

मिस्त्रींनी बाकावरच्या शिकंजाच्या जबड्यात लोखंडी पट्टी आवळली. मी ग्राइंडरच्या गळ्यातली झेंडूची माळ काढली आणि शेठच्या खांद्यावरचं उपरणंही उतरवलं. फिरत्या चकतीजवळ दोरा नको, पदर नको. चकतीला टिचकी मारून पाहिली, चांगली होती. खिशात कायम असणारा माझा कामाचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि चकतीच्या रेषेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना बाजूला केलं. मला सूड घ्यायचा होता, खून करायचा नव्हता.

शेठने बटण सरकवलं. मशीन ओरडायला लागलं. उघडी चकती त्याच्या पोटासमोर फिरत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो ती धरणाऱ्याच्या जागेवरून बघत होता. त्याने चकतीकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी तो मुद्दाम शिकंजावर ठेवला होता, तीन बोटं पसरून.

चकती पट्टीला लागली, ठिणग्या उडाल्या आणि मशीनने एक हिसका दिला. शेठ दोन पावलं मागे गेला आणि बटण बंद करून ओरडला, "मिस्त्री! गार्ड कुठाय याचा? आधी गार्ड लाव!"

चकती थांबेपर्यंत तिचीच काय ती कुरकुर.

मिस्त्री म्हणाले, "शेठ, त्येच्यात धूप जळतोय."

कोणी हसलं नाही. साहेब कोपऱ्यात गेले, वाकले आणि धुपाटण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी शेठच्या हातांकडे बघत होतो. त्याने मशीन खाली ठेवलेलं नव्हतं आणि ते त्याच्या हातात थडथडत होतं, बंद असूनही.

"हात हलला तुमचा, शेठ," मी म्हणालो.

मिस्त्रींनी निखारे जमिनीवर ओतले, फडक्यात धरून गार्ड आणला आणि शेठच्या हातून मशीन काढून घेऊन त्याला बसवला. स्क्रू आवळला. काल काढल्यासारखा बसला तो. मग ते सरळ उभे राहिले आणि पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाले, "याची बोटं गेली तवा बी गार्ड हितंच हुता. याचा हात नव्हता हलला. मी खोटं बोललो."

मिस्त्रींनी मशीन माझ्या हातात दिलं. मी चष्मा परत घेतला, पाय रोवले आणि पट्टी कापली, एका दमात, सुतात. खोपोलीच्या त्या चहावाल्याने कापलेली कड वाकून पाहिली आणि म्हणाला, "आमच्या दोन फाटकांचं जरा बघशील का रं?" बघतो म्हणालो. चहा पाजाल ना, असंही विचारलं.

निघताना खिशातली आपट्याची पानं काढली. सोनं द्यायचं राहिलंच होतं. कापलेला तुकडा मिस्त्रींच्या फडक्याने उचलला, शेठचा हात माझ्या हातात घेतला आणि त्याच्या तळव्यावर आधी पान ठेवलं, मग तुकडा.

"सोनं घ्या, शेठ, सोन्यासारखे राहा."

कापलेलं लोखंड बराच वेळ गरम असतं. ते दिसत नाही. हे मला ठाऊक होतं.