आमचं गाव उठलं

हाताला कणीक होती, तेवढ्यात साहेबांनी हॉलमधून हाक मारली. "मावशी, या! तुमचं माहेर दाखवतो."

गुरुग्राममधल्या या मराठी घरी मी स्वयंपाक करते. साहेब आणि वहिनी सुट्टीत सह्याद्रीतलं राष्ट्रीय उद्यान बघून आले होते. माझं गाव तिथलंच, हे त्यांना माहीत होतं. टीव्हीवर फोटो चालले होते. पाहुणे सोफ्यावर. मी दाराशी.

एका फोटोत गवतात दगडी जोतं होतं. वर घर नाही. जोत्यावर एक वानर बसलेलं.

"घ्या मावशी, तुमच्या घराला भाडेकरू मिळाला!"

सगळे हसले. मीही हसले. तोंडाला पदर लावून.

ते जोतं कुणाचं, मला ओळखता येईना.

आमच्याकडे आधी गुरं चारायला बंदी आली. मग डोंगरावर नाचणी करायला. मग लाकडं आणायला. शेवटी माणसांनाच. उद्यान होणार म्हणाले, तेव्हा मला वाटलं झोपाळे येतील. मी चौथीत होते. ट्रकमधून आम्हाला खाली माळावर आणून सोडलं. तिथून शाळा लांब. माझी सुटली. माळावर काही पिकेना. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमागे मी इकडे गुरुग्रामजवळ मानेसरला आले.

कुणी गावाचं विचारलं की आम्ही म्हणतो, "गाव उठलं." जेवून पानावरून उठावं, तसं. आई पण तसंच म्हणायची.

"एकदम प्युअर जंगल आहे, यार," एक पाहुणे म्हणाले.

"गाव उठलं म्हणून," साहेब म्हणाले. "नाहीतर यांनी सगळं तोडून खाल्लं असतं. हो ना, मावशी?"

हो म्हणायची सवय होती. हो ओठांपर्यंत आलंही होतं.

"उठलं नाही, साहेब. उठवलं."

आवाज फार बारीक निघाला. साहेब म्हणाले, "काय?"

"आम्हाला उठवलं."

टीव्हीवर पुढचा फोटो आला. कुणी हसलं नाही.

मी निघताना वहिनी दाराशी आल्या. "पाहुण्यांसमोर हे बरं दिसतं का, मावशी? उद्या साहेबांना सॉरी म्हणा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

शेअर ऑटोत बसले तरी कान तापलेलेच होते. अजून लाज वाटते. बोलले त्याची नाही वाटत. हसले त्याची वाटते.

उद्या जाईन. पोळ्या करीन. सॉरी म्हणणार नाही.

काढलं तर काढू देत. पण कुणी विचारलं, तर काम सुटलं असं मी सांगणार नाही. काढलं म्हणेन.