भोपळ्याची वाचनपरीक्षा

आमच्या कार्टून मालिकेतला भोपळ्या गेली अकरा वर्षं चौथीत आहे. सहामाहीला भोपळा, वार्षिकला भोपळा, म्हणून नाव भोपळ्या. चॅनेलवाल्यांनी होती नव्हती ती अक्कल या नावात खर्च केली आणि तेव्हापासून ते उधारीवर जगत आहेत. मूळ मालिका परक्या भाषेतली. तिचे संवाद आपल्या भाषेत मी लिहितो आणि त्या नऊ वर्षांच्या कार्ट्याचा आवाज काढते एक छप्पन्न वर्षांची बाई. स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणतात.

बूथमध्ये शिरण्याआधी ताई बांगड्या काढायची, चपला काढायची आणि दोन केळी खायची, कारण रिकामं पोट गुरगुरलं तर माइक तेही पकडतो. मग हेडफोन लावून तोंड उघडलं की थेट ते कार्टंच बोलायला लागायचं. पहिल्याच टेकला. घरच्या भिंती प्रमाणपत्रांनी भरलेले आमचे बाकीचे कलाकार तेच वाक्य सात वेळा घेतात आणि वर एसीच्या नावाने बोटं मोडतात.

ताईचं एक गुपित होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. तिला वाचता येत नव्हतं. सुटी अक्षरं ओळखायची, पण जोडाक्षर आलं की गाडी अडलीच. लहानपणी ती दुसरीत दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसवण्याऐवजी बापाने तिला कायमची घरी बसवली. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास आम्ही जिन्यात बसायचो आणि मी तिला सगळे संवाद वाचून दाखवायचो. एकदा ऐकलं की तिचं पाठ. बूथमध्ये ती कागद समोर धरायची आणि बरोबर जागी पानही उलटायची. कोणालाही संशय आला नाही. आमच्या धंद्यात जो तो स्वतःचाच आवाज ऐकण्यात गुंग असतो, दुसऱ्याकडे बघतो कोण?

यंदा चॅनेलने एक गुणवत्ता अधिकारी नेमला. साहेबांनी जन्मात एक वाक्य डब केलेलं नव्हतं, पण आवाजावरचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथून ते ‘सच्चेपणा’ हा शब्द उचलून आले होते आणि तो कुठे ठेवू नि कुठे नको असं त्यांना झालं होतं. चहात साखर कमी पडली तरी सच्चेपणा कमी पडायचा. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक कलाकाराची वाचनपरीक्षा होणार. न पाहिलेलं पान हातात द्यायचं आणि तिथल्या तिथे वाचायला लावायचं. पास होईल त्याची भूमिका राहणार, नापास होईल तो गर्दीत जाणार. गर्दी म्हणजे बाजाराच्या प्रसंगात मागून ‘पकडा, पकडा’ असं ओरडणारी मंडळी.

“मास्तर, मला परत दुसरीत बसवणार,” ताई म्हणाली. वाचून दाखवतो म्हणून ती मला मास्तर म्हणायची. तिचा चेहरा उतरला होता. भोपळ्या हे तिच्या आयुष्यातलं एकच काम होतं ज्यात तिला कोणी नापास केलेलं नव्हतं. ते गेलं असतं तर तिच्या हाती काय राहिलं असतं, हे मला तिने सांगावं लागलं नाही.

कुठलं पान येणार याचा मी खूप माग काढला. पण साहेबांनी पानं पाकिटात घालून सही-शिक्क्यासह बंद केली होती, जणू आत देशाच्या संरक्षणाचे नकाशे होते.

परीक्षेच्या दिवशी पाकीट फुटलं आणि मी कपाळाला हात लावला. पान माझंच होतं. आदल्याच दिवशी लिहून दिलेल्या नव्या भागातलं, ताईला अजून न ऐकवलेलं. भागाची गोष्ट अशी की वर्गाच्या बाई भोपळ्याला बजावतात, वर्गासमोर धडा वाचून दाखव, नाहीतर पुन्हा चौथीत बसशील. अकरा वर्षं चौथीत असलेल्या पोराला ही धमकी. पण तो मूर्खपणा मूळ लेखकांचा. धडा मात्र मी लिहिला होता आणि भोपळ्या अडखळून विनोद व्हावा म्हणून त्यात हाताला लागतील तेवढी जोडाक्षरं कोंबली होती.

काचेपलीकडे ताईने कागदावर बोट ठेवलं. “वि... विद... विद्या... रथ... रथ्यां...” ती मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. तीन ओळींना चार मिनिटं लागली. रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. ‘महत्त्व’पाशी ती तीनदा अडली आणि शेवटी भोपळ्याच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात म्हणाली, “नाही येत मला.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “याला म्हणतात सच्चेपणा. आणि ते बोट ठेवणं? लेखकालाही सुचलं नसतं.” हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. ताईला पहिला नंबर मिळाला.

ती बाहेर येऊन त्यांना म्हणाली, “साहेब, खरंच वाचता येत नाही हो मला.”

साहेब माझ्याकडे वळले. “बघा, अजून भूमिकेतून बाहेर आलेल्या नाहीत.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच रेकॉर्डिंग पंधरा नव्या कलाकारांना नमुना म्हणून ऐकवलं. ताईला मान म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. ‘रथ्यां’ला पहिली खसखस पिकली, ‘महत्त्व’पर्यंत अख्खी खोली पोट धरून हसत होती. ताई मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि सगळ्यांकडे बघून हसत होती. एका मुलीने विचारलं, “ताई, हे अडखळणं जमायला किती सराव केलात?”

“पन्नास वर्षं,” ताई म्हणाली. खोली पुन्हा हसली.

जिन्यात आल्यावर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “काही का असेना ताई, वाचलात.”

“वाचले कुठे, मास्तर?” ती पायरीवर टेकली. “अकरा वर्षं तुम्ही मला वाचून दाखवलंत. एकदा तरी म्हणाला असतात, बस ताई, शिकवतो.”

मला मान वर करवेना. साहेबांना मी इतका वेळ नावं ठेवली, पण साहेबांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर जिन्यातला तो अर्धा तास मला आवडायचा. माझं लिहिलेलं इतकं जीव लावून ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. ती वाचायला शिकली असती तर मला कोणी विचारलं असतं?

“उद्यापासून शिकवतो,” मी म्हटलं.

“उद्या तीन भाग आहेत,” ताई म्हणाली. “तुम्ही आपलं वाचून दाखवा.”