अंडीकाकांच्या पलीकडच्या फेऱ्या

अंडीकाकांनी पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरं बिऱ्हाड केलंय, ही बातमी गल्लीत आणली शिंपीणबाईंनी. पुरावा भक्कम होता. माणूस सुट्टीच्या दिवशी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट चढवतो, झाकणाची बादली घेऊन लाँच पकडतो आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परततो. आता दुसऱ्या बिऱ्हाडात एवढा चिखल कुठून येतो, हे कोणाला सांगता येत नव्हतं. पण अफवेचा एखादा धागा लोंबत राहिला, तर शिंपीणबाई तो दातानं तोडून मोकळ्या होतात.

बातमी रीतसर हळहळत काकूंच्या कानावर घातली गेली. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असेल कोणी, तर तिला माझा निरोप द्या. यांच्या त्या चिखलाच्या पॅन्टी तरी तिकडेच धुऊन पाठव म्हणावं."

खरी गोष्ट अशी, की काका समुद्राच्या संशोधन केंद्रात माशांची अंडी मोजायचे. गल्लीतली पोरं "काका, अर्धा डझन द्या" म्हणून चिडवायची आणि काका "उकडलेली की कच्ची?" विचारायचे. आपल्या किनाऱ्याच्या टोकाबाहेर समुद्रात एक उथळ भाग आहे. मोसमात मासे तिथं जमतात, अंडी सोडतात आणि मागं वळूनही बघत नाहीत. अंडी खसखशीएवढी, काचेसारखी आरपार. ती पाण्यात वरच्या वर तरंगतात आणि प्रवाह नेईल तिकडे जातात. बहुतेक वर्षी प्रवाह त्यांना तिरका पलीकडे घेऊन जातो. वाटेतच अंड्यांतून पिल्लं निघतात, आणि त्यातली खाल्ली न जाता उरलेली पलीकडच्या खाडीतल्या गवतात शिरून मोठी होतात. इकडे किती अंडी होती आणि तिकडे किती पिल्लं पोचली, याचा मेळ घालायला काका बादली घेऊन जायचे.

"माहेर इकडे आणि नांदणं तिकडे," असं काकू दोन शब्दांत समजावून सांगत.

अफवा अगदीच हवेतली नव्हती, एवढं मात्र मान्य करावं लागेल. पलीकडे एक घर होतं. लेकीचं. काकांनी तिच्यासाठी केंद्रात मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची मनातल्या मनात पुसून ठेवली होती. लेकीनं स्पॅनर उचलला आणि पलीकडच्या एका बोटदुरुस्तीवाल्याशी लग्न करून ती त्याच्याच वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडायला लागली. काका तेव्हा तडकून बोलून गेले होते, "तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही." माणूस शब्दाचा पक्का, हीच पंचाईत. वर्कशॉप आणि घर एकच, नेमकं त्या खाडीच्या वर, पायऱ्या चढल्या की दार. काका चिखलात उभे राहून हातजाळं फिरवायचे आणि वर बघायचे. लेक गच्चीत कपडे वाळत घालताना दिसायची. तेवढ्यावर पुढच्या फेरीपर्यंत भागायचं.

यंदा मात्र वारा फिरला. तो जमिनीवरून सारखा बाहेर वाहत राहिला आणि वरचं पाणी आपल्याबरोबर खुल्या समुद्रात ओढत राहिला. प्रवाह बघायला केंद्रानं सोडलेले तरंगते गोळेसुद्धा पलीकडे न जाता सरळ बाहेर गेले. काकांनी बशीतली अंडी मायक्रोस्कोपखाली धरली. आत शेपटीचा आकडा होता, डोळ्यांचे काळे ठिपके उमटले होते. यांच्याबरोबरची बाकीची सगळी आता भलतीकडेच निघालेली. काका बराच वेळ मान वर करेनात.

"यंदा खाडीत काही मिळायचं नाही," केंद्राच्या मुख्य बाई म्हणाल्या. "या मोसमाच्या तुमच्या फेऱ्या रद्द."

"एकदा बघून येतो की."

"काय बघणार? चिखल?"

काका घरी आले आणि कधी नव्हे ते माळा आवरायला चढले. काकूंनी खालून शिडी धरली.

"मासे नाहीत म्हणून एवढं तोंड पाडलंय?"

"कामाचं नुकसान आहे."

"अहो, बादलीशिवायसुद्धा लाँचमध्ये बसता येतं. माणसं बसतात."

"आणि तिनं विचारलं, कशाला आलात, तर?"

"ते वाटेत सुचेल. आधी खाली उतरा, माझे हात दुखले."

काका गेले. बादली घेतलीच, हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. खाडीत उतरून जाळं फिरवलं. गवत आलं, एक रागावलेला खेकडा आला, पिल्लू एकही नाही. वर गच्चीत कोणी नव्हतं. काकांनी पाय धुतले, पुन्हा धुतले, मग आणखी धुण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पायऱ्या चढले.

लेक इंजिनात डोकं घालून बसली होती. "चिखलाचे पाय बाहेर," ती तशीच म्हणाली.

"धुतलेत."

आवाज ऐकून तिनं डोकं बाहेर काढलं. गालाला काळं तेल लागलेलं. जावयानं घाईघाईनं स्टूल पुढं सरकवलं, फडक्यानं पुसलं आणि होतं त्याहून तेलकट करून ठेवलं. काका त्यावर ओल्या पॅन्टीनिशी तसेच बसले.

"मी तेव्हा बोललो ते..." काका सुरू झाले.

"ते नंतर. दर वेळी खालूनच बघून जाता, मला दिसत नाही? सुकलेले कपडे पुन्हा भिजवून वाळत घालायचे मी, बाबा. पाणी काय फुकट येतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, उलटाच घातला. जावई हसू दाबायला पाठमोरा झाला.

लेकीनं बादलीचं झाकण उचलून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

"यंदा मासे इकडे आलेच नाहीत, लाँचवाले सांगत होते. मग आज कशाला आलात?"

काका म्हणाले, "म्हणूनच आलो. आमच्याकडून यंदा कोणीच आलं नसतं. बरं दिसलं नसतं ते."