अडीच मिलिमीटरचं बटण

आमच्या ऑफिसात तिला सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे फूटपट्टी. तिला ते ठाऊक होतं. "समोर म्हणा की," असं ती एकदा थेट साहेबांनाच म्हणाली होती, "पट्टी हाताशीच असते माझ्या."

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जणं मोबाइलची अ‍ॅप बनवायचो. ती तपासून बघणं हे ताईचं काम. या धंद्यात ती आली बावन्नाव्या वर्षी. त्याआधीची तीस वर्षं छापखान्यात गेली होती; सुरुवातीला अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात, नंतर संगणकावर पानं लावण्यात. छापखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायका घरी बसल्या. ही बसली नाही. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मोबाइलमधलं काय येतं तुम्हाला?" ती म्हणाली, "काही नाही. पण वाकडं काय आहे ते मला लांबून दिसतं." साहेबांनी तिथल्या तिथे तिला ठेवून घेतलं.

तिच्या टेबलावर चौदा फोन ओळीने मांडलेले असायचे. कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी फुगलेली. आम्ही काहीही नवीन केलं की ती ते चौदांवर बघायची आणि मग आमच्यापैकी एकाचं काही खरं नसायचं.

त्या वर्षी मी औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप केलं होतं. गोळीची वेळ झाली की फोन वाजायचा आणि पडद्यावर दोन बटणं यायची : 'घेतली' आणि 'आज नको'. म्हाताऱ्या माणसाने जे दाबलं ते लांब राहणाऱ्या मुलांना लगेच कळायचं. नेमकी तेव्हा ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. मी घाई केली. ऑफिसातल्या जुन्या टॅबवर एकदा बघितलं, झकास दिसलं, आणि चाळीस घरांना वापरायला देऊन टाकलं. त्यातलं एक घर ताईच्या थोरल्या भावाचं, दादाचं. तो एकटा राहायचा. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याने बापाला खास या अ‍ॅपसाठी नवाकोरा, महागातला फोन घेऊन दिला.

आणि रोज सकाळी मुलाला निरोप येऊ लागला, 'आज नको'.

"बाबा, आजही गोळी घेतली नाहीत?"

"घेतली रे."

"मग हे काय खोटं सांगतंय?"

आठवडाभर दोघांची अशी जुंपत राहिली. पुढच्या आठवड्यात मुलगा चढ्या आवाजात बोलायला लागला. तिसऱ्या आठवड्यात दादा गप्प झाला. आपण विसरतोय, डोकं कामातून गेलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. गॅस बंद केला का, हे तो चार-चार वेळा उठून बघायला लागला. मुलाने डॉक्टरांची वेळ घेतली.

त्याच सुमारास ताई कामावर परतली. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती पर्स खांद्यावरून न काढताच माझ्यापाशी. दादाचा फोन पुढे ठेवला.

"दाब बघू, 'घेतली'."

मी दाबलं. लागलं 'आज नको'. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तिने पट्टी लावली. "अडीच मिलिमीटर. मसुराचा दाणा बरा. दोन्ही बटणं एकाच बोटाखाली. आता तुझा तो टॅब आण."

टॅबवर तेच बटण साडेसात मिलिमीटर भरलं. मी म्हटलं, "अहो, पण दोन्हीकडे अठ्ठेचाळीसच लिहिलंय!"

"अठ्ठेचाळीस काय?"

"पिक्सेल. पडद्यावरचे ठिपके."

"आणि एका इंचात ठिपके किती?"

मी शोधलं. टॅबमध्ये एकशेसाठ. दादाच्या फोनमध्ये चारशे ऐंशी. बोलता बोलताच मला माझी चूक कळली. ठिपके तेवढेच, पण तिप्पट दाटीने बसलेले, बटण आक्रसणारच.

"माणसाच्या बोटाच्या मापात लिहायची सोय नाही का तुमच्याकडे?"

सोय होती. तिला डीपी म्हणतात. पडदा विरळ असो की दाट, एकशेसाठ डीपी म्हणजे साधारण एक इंच. त्यासाठी किती ठिपके वापरायचे ते फोन ठरवतो. अक्षरांसाठी एसपी असतं, म्हणजे कुणी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली असली तर तीही त्या मानाने वाढतात. हे सगळं मला येत होतं. मी फक्त कंटाळा केला होता. माझे डोळे भरून आले.

"रडायचं नंतर," ताई म्हणाली. "आधी दुरुस्त कर."

दुपारपर्यंत मी सगळी मापं बदलली. अठ्ठेचाळीसवर तिचं समाधान होईना. "बोट थरथरतं गं म्हाताऱ्या माणसांचं," म्हणून चौसष्ट करायला लावलं, दोन बटणांमध्ये ऐसपैस जागा सोडायला लावली. चौदाही फोनवर पट्टी लावली. सगळीकडे एक सेंटिमीटरच्या आसपास. मग साहेबांनी चाळीसही घरांना स्वतः फोन करून चूक कबूल केली.

संध्याकाळी आम्ही दोघी दादाकडे गेलो. मी त्याला सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. तो पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता.

"म्हणजे मी विसरत नव्हतो?"

"एकदाही नाही, दादा," ताई म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग उठला, मुलाला फोन लावला आणि तीन आठवड्यांचं सगळं एका दमात त्याला ऐकवलं. मग पलीकडून हळूच, "बाबा, चुकलं माझं." दादा म्हणाला, "असू दे. जेवलास का?"

परतताना बसथांब्यावर मी ताईला विचारलं, "पण तुम्हाला संशय आला कसा?"

"काल त्याच्या गोळ्या मोजल्या. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच होत्या." मग ती म्हणाली, "गोळ्या मोजायला मला तीन आठवडे लागले गं. तोवर फोनवरून मीही त्याच्यावर ओरडतच होते. मुलगा तरी चुकलं म्हणाला."

बस आली. मी चढले, वळून बघितलं, तर ताई खालीच. तिने मला हाताने 'जा' म्हणून खूण केली आणि ती झपझप पावलं टाकत दादाच्या घराकडे निघाली.