डोळे मिटून केलेलं भांडण

आमच्या मंडळीत कुणी कुणावर ओरडत नाही. राग आला की आम्ही प्रार्थना करतो. खरोखर, डोळे मिटून, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. 'हे प्रभू, आमच्यातल्या काहींना उपासनेला वेळेवर येण्याची सुबुद्धी दे' असं कुणी म्हटलं, की ते कुणासाठी आहे हे देवाच्या आधी त्या माणसाला कळतं. पण मध्ये बोलायची सोय नसते, आणि शेवटी सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणून त्यानं स्वतःच त्यावर अंगठा उठवायचा असतो. या कलेत माझा हात धरणारा आमच्या चर्चमध्ये कुणी नव्हता. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याचा तेवढाच उपयोग.

माझ्या पेटीला ढोलकीची साथ देणारा एक गृहस्थ होता. सुरगाण्याकडच्या डोंगरातला. वीस वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला लागला आणि रविवारी आमच्याकडे यायला लागला. शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी गाण्यांचा सराव. गावाहून आला की माझ्या बायकोसाठी नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आणायचा. मी ताल चुकलो की तो सांगायचा नाही, नुसता माझ्या चुकीला गाठायला पुढे पळायचा. अशी माणसं फार मिळत नाहीत.

त्या वर्षी, ज्या आदिवासींनी ख्रिस्ताला मानलं त्यांच्या सवलती काढून घ्या, अशी मागणी जोरात होती. शहरात मोर्चेही निघाले. त्याच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि जमातीच्या दाखल्याची पडताळणी अडकली होती. तो माझ्याकडे आला. डोंगरातली कुटुंबं आमची आहेत, त्यांच्या बाजूनं आम्ही उभे आहोत, असं एक पानी निवेदन मंडळीनं कलेक्टर कचेरीत द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. "तुम्ही लिहा सर, तुमची मराठी चांगली." मी मंडळीचा सेक्रेटरी. स्तुती झाली की मला नाही म्हणता येत नाही. लिहितो म्हणालो.

निवेदनासाठी कमिटीची बैठक भरली. तोही बोलावण्यावरून आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, आज निवेदन दिलं की उद्या आपल्या दारावर कोण उभं राहील ते सांगता येत नाही. महिला मंडळाकडून माझी बायको होती; ती म्हणाली, मग आपण रविवारी एकमेकांना बंधू कशाला म्हणतो? चर्चचे पाळक पंख्याकडे बघत राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला भीती वाटली. साधी भीती. पण मी शिकलेला माणूस. भित्रेपणालाही मला तत्त्व लागतं. ते मला दोन मिनिटांत सापडलं. मी म्हणालो, विषय नाजूक आहे, प्रार्थनापूर्वक विचार करू. पाळकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि समारोपाची प्रार्थना मलाच सांगितली.

मी उभा राहिलो. आवाज चांगला लागला होता. "हे सत्याच्या देवा, जे रविवारी तुझं नाव घेतात आणि कागदावर ते झाकतात, त्यांना उजेडात येण्याचं धैर्य दे. कुठल्याही सवलतीपेक्षा तुझी कृपा मोठी आहे, हे आम्हांला शिकव." आणखीही बरंच होतं. हे मी म्हणत होतो! माझ्या पणजोबांना मिशननं जमीन दिली, आजोबांना वसतिगृह, वडिलांना नोकरी आणि मला शाळा. माझ्या घराण्यानं कृपा कधी सवलतीशिवाय घेतलीच नाही.

'आमेन' जोरदार झालं. डोळे उघडले तर दाराजवळची खुर्ची रिकामी होती. गीतांचं पुस्तक तेवढं तिच्यावर होतं. अधिकारी माझा हात दाबून म्हणाले, फार आशीर्वादित प्रार्थना झाली, सर.

स्कूटरवरून आम्ही घरी निघालो. गंगापूर रोडवर बायको मागून म्हणाली, "देवाला माहीत नव्हतं, ते सांगत होतात का?"

तीन रविवार तो आला नाही. पेटी एकटी वाजली की रडकी वाजते, हे मला तेव्हा कळलं. चौथ्या आठवड्यात मी निवेदन लिहिलं, खाली सही केली आणि अंबडला गेलो. दोन खोल्यांचं घर. त्यानं नेहमीसारखं पाणी दिलं, त्याच्या बायकोनं चहा टाकला. मुलगी कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, पडताळणीच्या कचेरीत, दुसऱ्यांदा.

त्यानं निवेदन सावकाश वाचलं.

"एकच सही?"

"सध्या एकच."

"मंडळीचा शिक्का तर तुमच्याकडंच असतो ना, सर?"

शिक्का माझ्या पिशवीत होता. घरून निघताना टाकला होता. "त्याला कमिटीचा ठराव लागतो," मी म्हणालो.

त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्या बशीशेजारी ठेवली. रागानं नाही. म्हणाला, "दाखल्यावर जमात लिवलीय, सर. धर्म तिथं कुणी इचारलाच नाय. मंग मी काय झाकलं?" मी विषय बदलून रविवारचं विचारलं. आता ते रविवारी शेजारच्या एका खोलीत जमतात, डोंगराकडची पाच-सहा घरं. ढोलकी तिथं नेली आहे, असं त्याची बायको हळूच म्हणाली.

आमच्यात कुणाच्या घरून निघताना प्रार्थना करूनच उठतात. मी सवयीनं उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले, घसा साफ केला.

"आज राहू द्या, सर," तो म्हणाला. "तुम्ही डोळे मिटले की मला भ्या वाटतं."

मी डोळे उघडले. घडी केलेला कागद उचलून पिशवीत ठेवला, शिक्क्याशेजारी. तो दारापर्यंत आला, पायऱ्या अंधाऱ्या आहेत म्हणून सांभाळून उतरायला सांगितलं, आणि मी खाली पोचेपर्यंत वर दार उघडं ठेवलं.