लासूरच्या फलाटावरची सहा मिनिटं

छत्रपती संभाजीनगरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, मोजपट्टी आणि खडू होता. मी मूळची कोल्हापूरची, हृदयविकारावरच्या एका नव्या गोळीच्या चाचणीत परिचारिका. एरवी रुग्ण आमच्याकडे येतात. आज मीच निघाले होते, तीही सहलीच्या उत्साहानं!

रशीदचाचा हे निवृत्त शिंपी. ठरलेल्या तपासणीला आले नव्हते, फोनही बंद. हाताशी होता फक्त लासूर स्टेशनचा, त्यांच्या मुलीचा पत्ता.

वाटेत देवगिरी दिसला आणि मी उठून उभीच राहिले. समोरच्या आजी म्हणाल्या, "बसा की बाई, किल्ला कुठं पळून नाय जात."

मुलीनं, शबानानं, दार उघडलं. चाचा रुसून बसले होते. "शेजारी म्हनला, मला खोटी गोळी देता तुमी. चार दिस झाले, बंद केली."

"चाचा, नेहमीची औषधं सगळ्यांनाच आहेत. त्यावरची जादा गोळी काहींची नवी, काहींची नुसती साधी, औषध नसलेली. तुमची कोणती, मलाही माहीत नाही."

"डाक्टरला?"

"त्यांनाही नाही, निकालात कुणाची मर्जी चालू नये म्हणून. आणि तुम्ही चाचणी सोडलीत तरी इलाज थांबणार नाही."

चाचा हसले. "मंग तर लई (फार) इमानदार काम हाय!"

डॉक्टरांशी फोनवर बोलून सहा मिनिटं चालण्याची चाचणी घ्यायची ठरली. गल्लीत कांद्याच्या गाड्या, म्हणून स्टेशनमास्तरांच्या परवानगीनं फलाटावर खडूनं रेघा मारल्या. मागच्या वेळी दवाखान्यात चाचा दोनदा धापा टाकत बसले होते.

ते चालू लागले. चहावाला ओरडला, "शाब्बास, चाचा!"

"ओरडू नका हो, चाचणी बिघडेल!" मी म्हणाले.

सगळा फलाट चिडीचूप. फक्त चपलांचा आवाज. शबानानं ओढणीचं टोक दातात धरलेलं. माझी नजर घड्याळावर. सहावं मिनिट संपलं, चाचा अजून चालतच होते!

"थांबा!"

चाचा दम घेत म्हणाले, "आता तरी ओरडू द्या त्यांना."

मग शिट्ट्या, टाळ्या! जेवायला मला नान-खलिया (भट्टीतली रोटी नि मटणाचा मसालेदार रस्सा), चाचांना कमी मिठाची भाजी-भाकरी. निघताना त्यांनी गोळ्यांची डबी पुन्हा उशाशी ठेवली.

परतीच्या गाडीत नोंद केली. एका माणसाच्या चालण्यानं औषध सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी 'मध्ये थांबले का?' या रकान्यात 'नाही' लिहिताना माझं अक्षर जरा मोठंच आलं.