काकूंच्या वाट्याचा बर्फ

आधी काकूंचं सांगते, मग युरोपचं. काकू नसत्या तर युरोप म्हणजे माझ्या पिठाच्या डब्यात घडी करून ठेवलेलं पेपरातलं कात्रणच राहिलं असतं. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांनीच बजावलं आहे, "नाव नको टाकू वं माहं. उद्या साऱ्या बाया भिशीचा नंबर मागाले माह्याच दारात येतीन."

काकू देवळीजवळच्या एका खेड्यात भाजी पिकवतात आणि सकाळच्या बसने वर्ध्याला आणतात. मी सावंगीला राहते, मेडिकलच्या मुलामुलींचे डबे करते. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, घरात मी एकटी. वीस वर्षं मी काकूंकडूनच भाजी घेत आले, आणि त्यांच्याच ओळखीने बारा जणींच्या भिशीत शिरले. आमच्या भिशीत वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात. दर महिन्याला सगळ्याजणी पाच-पाच हजार टाकतात आणि ज्या महिन्यात जिचा नंबर, तिने ती सगळी रक्कम उचलायची. माझा नंबर जुलैत होता. काकूंचा मार्चमध्ये.

आणि सहलीचा शेवटचा हप्ता भरायचा होता मार्चअखेर. बारा दिवस, सात देश, बसने. आधीचे हप्ते मी चार वर्षांच्या डब्यांतून भरले होते. शेवटचा नाही भरला तर जागा जाणार आणि आधी भरलेल्यातलेही बरेच कापणार, हे कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही. काकूंनी मेथीची जुडी हातात देता देता विचारलं, "तोंड काऊन उतरलं?" मी सांगितलं. त्यांनी तराजू खाली ठेवला.

"माहा नंबर घे. तुहा जुलैतला मले दे. झालं."

"आणि तुमची मोटर?" विहिरीवरची मोटर बदलायची म्हणूनच त्यांनी मार्चची वाट पाहिली होती.

"कुरकुर करते, पण पाणी फेकते. माह्यासारखीच हाय ते."

"उन्हाळा आहे पुढं काकू."

"उन्हाळा दरसाल येते. तू मले एक सांग, तिथं बर्फ हाय म्हणते ना? खरा? मशिनीतला नाई?"

"डोंगरावर आहे."

"मंग माह्या वाट्याचा पाहून येजो. मी जलमभर बर्फ पाह्यला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला."

निघायच्या आदल्या दिवशी भिशीतल्या बायकांनी माझी ओटी भरली, काशीला निघालेल्या बाईची भरतात तशी. "आल्यावर मावंदं घालजो," एकीने आठवण दिली. यात्रेहून सुखरूप परतलेल्या माणसाने गावजेवण घालायचं, ते मावंदं. युरोपात कुठला देव आहे हे कुणीच विचारलं नाही.

माझ्या बटव्यात तीनशे युरो होते. सहलीच्या पैशांत हॉटेल, बस, सकाळ-संध्याकाळचं जेवण आलं होतं. पाणी, शौचालय, मधला चहा आणि डोंगरावरची सफर ही ज्याची त्याने बघायची. सहलीच्या कागदावर तिच्यापुढे 'ऐच्छिक' असं लिहिलं होतं. मी मनात एक हिशेब केला होता, कुणालाच न सांगितलेला. निम्म्याहून जास्त युरो परत आणायचे आणि काकूंच्या हातावर ठेवायचे. जुलैपर्यंत मोटर टिकली नाही तर? भर मे महिन्यात वांगी, भेंडी पाण्यावाचून कशी जगतील? विमानात बसल्यापासून मला त्या मोटरीचाच आवाज येत होता.

तिकडे गेल्यावर मी प्रत्येक किंमत डब्यांत मोजू लागले. माझा एक डबा ऐंशी रुपयांचा. एक कॉफी म्हणजे पाच डबे. रस्त्यावरच्या शौचालयात एक युरो पडायचा, म्हणजे लघवीला एक डबा आणि वर चार पोळ्या. मग मी पाणीच कमी पिऊ लागले. चौथ्या दिवशी बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा सहल नेणारा मुलगा म्हणाला, "मावशी, पाणी प्या हो. इथं नळाचं पाणी पितात, फुकट असतं." मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायची मला लाज वाटली होती.

बसमध्ये आम्ही एकेचाळीस. बाकी सगळे दोन-दोन, चार-चार. एकेचाळिसावी मी. माझ्या खोलीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई होत्या, पण त्या भावाच्या कुटुंबाबरोबर आलेल्या. त्यांच्या खोलीत चौघं मावत नव्हती, म्हणून रात्रीपुरत्या माझ्याकडे. कानात इअरफोन घालून गाणी ऐकत झोपायच्या. बसमध्ये रोज सगळ्यांनी दोन ओळी मागे सरकायचं असा नियम होता, म्हणजे खिडकीवरून भांडणं नकोत. मी सरकायचे आणि माझ्या शेजारची रिकामी सीटही माझ्याबरोबर सरकायची.

दुसऱ्या दिवसापासून ती सीट सगळ्यांची झाली. "मावशी, एवढं जॅकेट ठेवू का?" "मावशी, ही पिशवी राहू द्या हं." छत्र्या, खरेदी, एका लहान मुलीचं मोठं अस्वल. फोटोंचंही तसंच. माझ्याबरोबर कुणी नाही म्हटल्यावर सगळ्यांचे फोटो मीच काढायचे. उंच लोखंडी मनोऱ्यापुढे मी सहा कुटुंबांचे काढले. माझा कुणी काढला नाही असं नाही म्हणत, मीच कुणाला म्हटलं नाही.

तरी मजा आली, हे लिहायलाच हवं. बसच्या त्या मोठ्या काचेतून मी डोळे भरून पाहिलं. मे महिन्यात इतकं हिरवं असतं, हे वर्ध्याच्या माणसाला खोटंच वाटेल. कापलेल्या गवताचे गोल गोल गठ्ठे पांढऱ्या प्लास्टिकात बांधून शेतात ठेवलेले, जसे कुणी लोड-तक्के मांडून पाहुण्यांची वाट बघतंय. एका गावात बाजार लागला होता. तिथली वांगी हातभर लांब आणि देठाला काटा नाही. मी चटकन वळून म्हणाले, "पाहिलं का, काटेच नाहीत!" शेजारी जॅकेटं होती. अस्वल होतं.

आठव्या दिवशी डोंगर आला. आदल्या संध्याकाळी सहल नेणाऱ्या मुलाने बसमध्ये वर जाणाऱ्यांची नावं घेतली. माझं नाव आल्यावर मी म्हटलं, "मला उंचीवर डोकं दुखतं. मी खाली थांबते."

"नक्की मावशी? उद्याचाच खरा दिवस आहे सहलीचा."

"नक्की."

पुढच्या ओळीतून कुणीतरी हळू म्हणालं, "पैशांचं असेल तर आपण थोडे थोडे काढूया का?" ते चांगल्या मनाने म्हणाले होते. पण मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी हसून पुन्हा सांगितलं, "डोकं हो, डोकं."

सकाळी चाळीस माणसं तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांत बसून वर गेली. मी खाली, बस उभी होती तिथल्या बाकावर. "तीन वाजता बस सुटणार," मुलाने जाताना सांगितलं होतं. ड्रायव्हर पायरीवर बसून पाव खात होता. त्याने मलाही अर्धा पुढे केला, मी हात जोडले. बाराही वाजले नव्हते. वर पाहिलं की बर्फ दिसायचा, पांढरा, स्वच्छ, वाळत घातलेल्या धोतरासारखा. खाली पाहिलं की बटवा.

मी काकूंना फोन लावला. चेहरा दिसतो तसा. तिकडे दुपारचे तीन वाजले असतील. काकू घामेजलेल्या, पदराने तोंड पुसत होत्या.

"काय वं, कुठं हायेस?"

मी फोन फिरवून डोंगर दाखवला. "तो बघा काकू. तुमच्या वाट्याचा."

त्या फोन डोळ्याला लावून पाहत राहिल्या. "अवं, हे तर लय दूर हाय. तू जवळ नाई गेली का?"

"नाही. खालूनच दिसतो की चांगला."

"काऊन नाई गेली?"

डोकं दुखतं, असं मी काकूंना सांगू शकले नाही. मी खरं सांगितलं. युरो उरवतेय, मोटरीसाठी आणतेय.

काकूंनी फोन तोंडापाशी आणला. मग म्हणाल्या, "मी तुले नंबर माघारी आणाले देल्ला होता का? काशीले जाऊन दाराबाहेर बसून राह्यली, अन् म्हणते पैसे वाचवले. चाल, ऊठ तिथून."

"पण मोटर..."

"मोटर मस्त चालू हाय. सकाळीच पाणी देल्लं. तू ऊठ आधी. अन् माह्यासाठी थोडा घेऊन येजो."

"बर्फ? विरघळेल तो."

"मंग पाणी आणजो. गंगेवरून लोक काय आणतेत?"

मी उठले. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन एक बोट दाखवलं, मग ते बोट वर केलं. आतल्या बाईने आकडा लिहून काचेला लावला. बटव्यातले निम्म्याहून जास्त गेले. नोटा मोजताना मी डब्यांचा हिशेब केला नाही. चार वेळा घड्याळ पाहिलं. वरून वेळेत उतरता आलं नाही तर बस जाईल, मी इथेच राहीन, मला इथली भाषा येत नाही, असं सगळं त्या दहा पावलांत डोक्यातून गेलं.

पाळण्यात मी एकटीच होते. अर्ध्या वाटेवर समोरून खाली येणारे पाळणे जाऊ लागले आणि त्यांत आमची मंडळी होती. माझ्या खोलीतल्या ताईंनी मला पाहिलं, काचेवर हात आपटला आणि तोंड मोठं करून काहीतरी ओरडल्या. ऐकू आलं नाही. मी हात हलवला. ते खाली गेले, मी वर.

बर्फ मऊ नसतो. जाड रव्यासारखा असतो, पायाखाली करकर वाजतो. मी एका कडेला उकिडवी बसले आणि मूठभर घेतला. हात आधी गार पडले, मग जळल्यासारखे झाले. आजूबाजूला लोक एकमेकांना गोळे मारत होते. मी कुणाला मारायचा, हा प्रश्न होता, म्हणून एक गोळा करून मी दूर दरीकडे फेकला. तेवढी मजा केली. काकूंना फोन लावला, लागला नाही. मग बर्फ धरलेल्या हाताचाच फोटो काढला. पिशवीत जवसाच्या चटणीचा स्टीलचा छोटा डबा होता. चटणी कागदात काढली, डबा तिथल्या नळावर धुतला आणि दाबून बर्फ भरला.

तीनला दोन मिनिटं असताना मी बसमध्ये चढले. सगळे बसलेले. "मावशी, खाली दुखत होतं ते डोकं वर गेल्यावर उतरलं वाटतं!" कुणीतरी म्हणालं आणि बस हसली. मीही हसले. मग मी रिकाम्या सीटवरची जॅकेटं, पिशव्या, ते अस्वल, सगळं उचलून वरच्या फळीवर ठेवलं, आणि सीटवर डबा ठेवला. संध्याकाळपर्यंत आत पाणी झालं होतं. हॉटेलवर ते बाटलीत ओतलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि मोठ्या बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवलं.

परत आल्यावर मावंदं घातलं, साधंच. वरण, भात, वांग्याची भाजी, शिरा. भाजी वाढताना एक जण सहज म्हणाली, "यंदा काकूंच्या घरची वांगी नाई ना खायले मिळाली. तू गेली अन् तिसऱ्याच दिवशी मोटर जळाली. म्हातारी दोन आठवडे शेजारच्या विहिरीवरून डोक्यावर पितळी गुंडानं पाणी वाहात होती. भाजीची अर्धी वाडी वाळली."

तिसरा दिवस. मी फोन केला तो आठवा. "मोटर मस्त चालू हाय" म्हणाल्या तेव्हा काकू घाम पुसत होत्या, तो कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या पानातला शिरा सरळ करत बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगून काय करत होती तू? तिथून नळी टाकत होती का?"

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. मी आत जाऊन बाटली आणली आणि त्यांच्या तळहातावर थोडं पाणी ओतलं. त्यांनी ते आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायल्या, आणि तोंड वाकडं केलं.

"जवसाच्या चटणीचा वास येऊन राह्यला वं."

मग उरलेलं त्यांनी बाकीच्या अकरा जणींना चमचा चमचा वाढलं.

जुलैत माझा नंबर आला तो काकूंनी घेतला. मोटर बसली. पैशांची फेड तिथे झाली, असं त्या म्हणतात. पण डोक्यावरून वाहिलेल्या त्या पाण्याच्या गुंडांची झालेली नाही. मी पुन्हा कात्रण ठेवलं आहे पिठाच्या डब्यात. यावेळी हप्ते दोन माणसांचे आहेत, कदाचित सहा वर्षं लागतील, कदाचित युरोप जमणार नाही, आपल्याच देशातला एखादा बर्फाचा डोंगर असेल. पण बस असेल, आणि माझ्या शेजारच्या सीटवर कुणाचं जॅकेट मी ठेवू देणार नाही. काकू, खिडकी तुमची. मी एवढं करीन.